वारा पाहून किनारा निवडावा : को ताओविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात थायलंडच्या आखातातील को ताओ या लहानशा बेटाविषयी लिहिले, तेव्हा दोन-चार पत्रे येतील एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात पत्रे बरीच आली आणि त्यांतल्या शंका इतक्या नेमक्या आहेत की, या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘को’ म्हणजे बेट आणि ‘ताओ’ म्हणजे कासव. बेटाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर असून तेथे विमानतळ नाही. बँकॉकहून रेल्वेने किंवा बसने चुंफोनला जाऊन किंवा विमानाने सामुई बेटावर उतरून पुढे बोटीनेच जावे लागते. बोटी पश्चिम किनाऱ्यावरील मे हाद या धक्क्याला लागतात. त्याच्या उत्तरेला सायरीची लांब पुळण, दक्षिणेला चालोक बान काओ हे शांत गाव आणि मधल्या डोंगरापलीकडे खडकाळ पूर्व किनारा, एवढाच या बेटाचा पसारा आहे. ‘सर्वांत चांगली जागा कोणती?’ असे बहुतेकांनी विचारले आहे. तेथील होडीवाले या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी वारा कुठून येतो आहे ते पाहतात, आणि माझी पुढची बरीचशी उत्तरेही त्याच अंगाने दिलेली आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे आणि आठ व बारा वर्षांची दोन मुले असे को ताओला जाण्याचा विचार आहे. बोटीने दूर न जाता किनाऱ्यावरूनच स्नॉर्केलिंग (मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली पाहणे) करता येईल अशा जागा सुचवाव्यात. — एक वाचक, पुणे

उत्तर : जागांच्या आधी वेळेविषयी लिहितो, कारण वेळ चुकली तर चांगल्या जागाही निरुपयोगी ठरतात. आपल्याकडे पाऊस परतला की समुद्र निवळू लागतो आणि मालवणच्या पर्यटक होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. त्यामुळे दिवाळी म्हणजे समुद्राचा हंगाम हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. थायलंडच्या आखातात नेमके उलटे घडते. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचे मोसमी वारे आखातावरून बाष्प घेऊन येतात, को ताओवर वर्षातला सर्वांत जोरदार पाऊस याच काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये पडतो, पाणी गढूळते आणि वादळी दिवशी बेटावरच्या बोटी रद्द होतात. धक्क्यावर सामान घेऊन दिवसभर ताटकळण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. मुलांना घेऊन तो घेऊ नये. दिवाळीचीच सुटी सोयीची असेल, तर थायलंडच्या पश्चिमेकडील अंदमान समुद्रातील सिमिलान बेटांचा विचार करावा. ती १५ ऑक्टोबर ते १५ मे या काळात पर्यटकांसाठी खुली असतात. को ताओसाठी मात्र मुलांची उन्हाळ्याची सुटी अगदी योग्य आहे. एप्रिल-मेमध्ये समुद्र बहुधा शांत असतो आणि पाण्याचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते.

आता जागांविषयी. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत वारा साधारणपणे नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे सायरीसारख्या पश्चिमेच्या पुळणींवर लाटा येतात आणि पूर्व किनारा डोंगराच्या आडोशाने शांत राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नेमके याच्या उलट असते. आपण मेमध्ये गेलात तर आओ लुक, टानोट आणि हिन वाँग या पूर्वेच्या तिन्ही जागा आपल्या आहेत. लहान मुलांसाठी त्यांपैकी आओ लुक मला सर्वांत सोयीची वाटते. तेथे पायाखाली वाळू असते, पाणी हळूहळू खोल होत जाते आणि पुळणीच्या दोन्ही बाजूंच्या खडकांलगत प्रवाळ लागतात, त्यामुळे धाकट्या मुलाला कमरेएवढ्या पाण्यात मास्कची सवय करून घेता येते. टानोटच्या किनाऱ्यासमोर पाण्यात एक प्रचंड शिलाखंड उभा आहे. मोठी मुले त्याच्यावर चढून उड्या मारतात आणि स्नॉर्केल लावलेले लोक त्याच्या तळाशी फिरणाऱ्या माशांकडे पाहत तरंगतात. बारा वर्षांच्या मुलाला तेथून परत आणणे अवघड जाईल, एवढे गृहीत धरावे.

हिन वाँगला पुळण जवळपास नाहीच. गुळगुळीत दगडांवरून किंवा लाकडी धक्क्यावरून सरळ पाण्यात उतरावे लागते, म्हणून ती जागा पोहता येणाऱ्यांसाठी आहे. पण माझ्या मते बेटावरचे सर्वांत नितळ पाणी तेथे मिळते. मी पहिल्यांदा तेथे उतरलो तेव्हा पायाखाली एक लांबलचक काळसर खडक दिसला. त्यावर पाय टेकावा म्हणून मी शरीर सरळ केले, तर तो खडक मधोमध दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन माझ्या मागे पुन्हा सांधला गेला. आपल्याकडच्या तारल्यांसारख्या बोटभर माशांचा तो थवा होता, आणि प्रत्येक वळणावर सगळे मासे एकदम कुशीवर होत तेव्हा त्यांच्या पोटांची चांदी क्षणभर चमकून जाई.

या सर्व ठिकाणी उथळ पाण्यातल्या दगडांच्या फटींत लांब काळ्या काट्यांचे सागरी अर्चिन भरपूर असतात. त्यांचा काटा पायात मोडला तर सहज निघत नाही, म्हणून मुलांच्या पायांत रबरी तळव्याचे पाणजोडे असू द्यावेत आणि पाण्यात कुठेही उभे राहण्याची सवय लावू नये. प्रवाळांवर पाय न ठेवण्याची शिस्तही त्यातच येऊन जाते.

प्रश्न : माझे वय ५८ असून मला पोहता येत नाही. तरीही आयुष्यात एकदा समुद्राखालचे जग पाहायचे आहे. को ताओवर ते शक्य आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी सिलिंडर पाठीवर बांधण्याची गरज नाही. को ताओच्या वायव्येला नांग युआन नावाची तीन चिमुकली बेटे आहेत. वाळूच्या दांड्यांनी ती एकमेकांना जोडलेली असून, भरतीच्या वेळी त्या दांड्यांवर पाणी चढते. त्यांच्या पूर्वेच्या बाजूला ‘जपानी बाग’ म्हणून ओळखली जाणारी उथळ प्रवाळभूमी आहे. काही ठिकाणी ती पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मीटरांवरच आहे, म्हणून लाइफ जॅकेट घालून, मार्गदर्शकाने धरलेल्या तरंगत्या कड्याला पकडून, चेहरा पाण्यात बुडवला की सारे डोळ्यांसमोर येते. बेट खासगी व्यवस्थापनाखाली आहे, प्रवेशशुल्क घेतले जाते आणि प्लास्टिकच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. दुपारी सहलीच्या बोटींची गर्दी होते, म्हणून सकाळची पहिली होडी धरावी.

पोहता न येणाऱ्यांना डाइव्हिंगची ओळख करून देणारी बुडी घेता येते, कारण तीत प्रशिक्षक सतत हाताशी असतो आणि १२ मीटरांच्या खाली नेले जात नाही. मात्र त्याआधी प्रकृतीविषयी एक प्रश्नावली भरून घेतात, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक सुटी वाया जाऊ नये म्हणून तीत सगळीकडे ‘नाही’ असे लिहून टाकतात. रक्तदाब, हृदयविकार, दमा, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल, तर निघण्यापूर्वी येथेच डॉक्टरांना भेटून लेखी अनुमती घ्यावी. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. तो आधी सांगून ठेवावा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन सगळे धूसरच दिसायचे.

प्रश्न : मालवणला किल्ल्याजवळ दोनदा स्कुबा केले आहे. आता रीतसर अभ्यासक्रम करण्याची इच्छा आहे. तो को ताओवर करावा का, आणि नंतर कोणत्या जागी बुड्या घ्याव्यात? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आपण जे केले त्यात प्रशिक्षक आपल्याला धरून खाली नेतो, चार फोटो काढतो आणि वर आणतो. ते वाईट नाही. अनेकांची पाण्याची भीती तेथेच गेली. पण स्वतःचा तोल, स्वतःची हवा आणि जोडीदाराची जबाबदारी सांभाळणे ही वेगळी विद्या आहे. ती आपल्या घराजवळ तारकर्लीच्या शासकीय प्रशिक्षण संस्थेतही शिकता येते, आणि मराठीतून समजावून घेण्याचा फायदा लहान नाही. को ताओ निवडण्याचे कारण वेगळे आहे. जगात सर्वाधिक नवे डाइव्हर जेथे तयार होतात अशा मोजक्या ठिकाणांत ते गणले जाते, त्यामुळे स्पर्धेपोटी शुल्क तुलनेने कमी आहे आणि शिकण्याच्या जागा धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत. पहिला अभ्यासक्रम साधारण साडेतीन-चार दिवसांचा असतो, त्यात समुद्रातल्या चार बुड्या येतात आणि तो पूर्ण केल्यावर १८ मीटरांपर्यंत जाता येते. त्यासाठी २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे आवश्यक असते. नोंदणी करताना शुल्काच्या आधी एक प्रश्न विचारावा : एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ असतील? प्रशिक्षण संघटनांच्या नियमाने आठपर्यंत चालतात, पण चारांहून अधिक असतील तर मी दुसरे दार ठोठावीन.

शिकण्याच्या बहुतेक बुड्या जपानी बाग, आओ लुक किंवा ‘ट्विन्स’ येथे होतात. ट्विन्स ही नांग युआनच्या पश्चिमेची जागा असून तिची खोली सुमारे १८ मीटर आहे. तेथे वाळूत एका समुद्रफुलाभोवती, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्रप्राण्याभोवती, कोणीतरी दगडांचे रिंगण घातले आहे आणि त्यात पाठीवर खोगिरासारखा पांढरा पट्टा असलेल्या क्लाउनफिशांचे कुटुंब राहते. रिंगणाबाहेर गुडघे टेकून पाहणाऱ्या शिकाऊ मंडळींच्या फिन्समुळे, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घातलेल्या रबरी पंखांमुळे, वाळू उडते, तेव्हा त्यांतला सर्वांत मोठा मासा, म्हणजे मादी, पुढे येऊन मास्कच्या काचेवर धडका देते. क्लाउनफिशांत मादीच मोठी असते आणि ती गेली की प्रमुख नराचेच मादीत रूपांतर होते, ही माहिती प्रशिक्षक बहुधा बोटीवर परतल्यावर सांगतात.

अभ्यासक्रमानंतर ‘व्हाइट रॉक’ ही जागा घ्यावी. ती उथळही आहे आणि विस्तीर्णही, आणि रात्रीच्या बुडीसाठी बेटावर तिलाच पसंती दिली जाते. विजेरीच्या झोतात शिकार साधणाऱ्या बॅराकुडांना पाहणे हा तेथला खेळ आहे. ३० मीटरांची अनुमती देणारा पुढचा अभ्यासक्रम केलात, तर तीन जागांचे दार उघडते. पहिली, ‘सत्तकुट’ हे बुडवलेले जहाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली ही ४८ मीटर लांबीची नौका पुढे थायी नौदलाकडे गेली आणि २०११ मध्ये कृत्रिम प्रवाळभूमी म्हणून मुद्दाम बुडवण्यात आली. दुसरी, बेटाच्या वायव्येस सुमारे ११ किलोमीटरांवर असलेला चुंफोन सुळका. त्याचा माथाच १४-१५ मीटर खोल आहे, तो समुद्रफुलांनी गालिच्यासारखा झाकलेला आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर मोठमोठे गोब्रे निवांत पडून असतात. व्हेल शार्क दिसण्याची शक्यता येथे असते, पण तिच्या भरवशावर पैसे मागणाऱ्या केंद्राकडे संशयानेच पाहावे.

तिसरी जागा म्हणजे ‘सेल रॉक’. को ताओ आणि शेजारचे फांगान बेट यांच्या जवळपास मध्यावर हा एकटा खडक समुद्रातून सुमारे १५ मीटर वर आलेला आहे आणि खाली ४० मीटरांपर्यंत उतरतो. त्याच्या पोटात धुराड्यासारखी एक उभी पोकळी आहे. साधारण १८ मीटरांवर तिच्यात शिरायचे आणि पाच-सहा मीटरांवर बाहेर पडायचे. आत एका वेळी एकच माणूस नीट मावतो. डोक्यावर निळ्या उजेडाचे वर्तुळ आणि भोवती स्वतःच्याच श्वासाचा आवाज, असा तो मिनिटभराचा प्रवास आहे. संपूर्ण आखातात मला एकच बुडी घेता येईल असे कोणी म्हटले, तर मी येथेच येईन. फक्त येताना वर घाई करू नये आणि श्वास रोखू नये. वर येताना दाब कमी होऊन फुफ्फुसांतली हवा प्रसरण पावते, म्हणून धुराड्यात श्वास चालू ठेवणे हा शिष्टाचार नव्हे, जीव वाचवण्याचा नियम आहे.

प्रश्न : को ताओच्या ‘शार्क बे’चे नाव ऐकूनच आमच्या घरात विरोध सुरू झाला आहे. तेथे धोका आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरच्यांना सांगावे की, कोकणी माणूस जिला मोरी म्हणून ताटात वाढून घेतो तिच्याच कुळातले हे प्राणी आहेत, आणि भीती बाळगण्याचे अधिक कारण त्यांना आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या या जागेचे थायी नाव आओ तियान ओक. तेथे पंखांची टोके काळी असलेले ‘ब्लॅकटिप’ जातीचे शार्क सकाळच्या वेळी उथळ पाण्यात येतात. बहुतेक पिल्लेच असतात, जेमतेम हात-दोन हात लांब. माणूस हातपाय आपटू लागला की ते नाहीसे होतात, त्यामुळे ते पाहायचे तर सात-साडेसातला पाण्यात उतरून निश्चल तरंगावे लागते. त्याच भागात समुद्री गवत चरणारी हिरवी कासवेही दिसतात. कासव श्वास घ्यायला वर येत असताना त्याच्या वाटेत जाऊ नये, एवढी सभ्यता पाळावी.

को ताओवर मला चावा घेणारा प्राणी शार्क नव्हता. टायटन ट्रिगरफिश हा हातभराहून लांब, बळकट दातांचा मासा विणीच्या काळात तळाशी घरटे करतो आणि त्याच्या रक्षणासाठी डाइव्हरच्या अंगावर धावून जातो. घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या नरसाळ्यासारखा पाण्याचा भाग तो आपली हद्द मानतो, म्हणून घाबरून सरळ वर पळणारा माणूस त्याच्या हद्दीतच राहतो. फिन्स त्याच्याकडे करून आडवे पोहत दूर जावे. मी वर पळालो होतो. फिनचा एक कोपरा त्याने कुरतडून ठेवला, आणि भाड्याची फिन असल्यामुळे त्याचे पैसे मात्र मला भरावे लागले.

प्रश्न : हे बेट सुरत थानी प्रांतात येते असे लेखात वाचले. या नावाचा आपल्या सुरतेशी काही संबंध आहे का? — एक वाचक, जळगाव

उत्तर : आहे, आणि जळगावकरांना आवडेल असा आहे. राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, याने १९१५ मध्ये गुजरातच्या सुरतेवरून त्या गावाला हे नाव दिले आणि तेथून वाहणाऱ्या नदीचे नावही त्याच वर्षी बदलून ‘तापी’ असे केले. आपण चुंफोनऐवजी सुरत थानीमार्गे बेटावर गेलात, तर घरच्या नदीच्या नावाची नदी वाटेत भेटेल.

प्रश्न : आईवडिलांना पाण्यात उतरायचे नाही. त्यांच्यासाठी को ताओवर पाहण्यासारखे काय आहे, आणि स्कूटर भाड्याने घ्यावी का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दृश्यांच्या बाबतीत माझी पहिली पसंती जॉन सुवान या माथ्याला आहे. तो बेटाच्या अगदी दक्षिण टोकावर आहे. पायथ्याशी थोडे शुल्क देऊन झाडीतून पंधरा-वीस मिनिटे चढायचे, शेवटी दोरी धरून मोठाले दगड ओलांडायचे, आणि मग एका हाताला चालोक बान काओचा अर्धचंद्र आणि दुसऱ्या हाताला शार्क बेचे हिरवेनिळे पाणी, मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी भूमी, असे दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतात. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर मात्र शेवटचे दगड त्यांना त्रास देतील. नांग युआनच्या माथ्यावरून तिन्ही बेटांचे जे दृश्य दिसते ते थायलंडच्या निम्म्या जाहिरातींवर असते. तेथे पायऱ्या आहेत, पण त्या चढताना दुपारचे ऊन जीव काढते. चढच नको असेल तर संध्याकाळी सायरीवर बसावे. याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, १८९९ मध्ये आला होता, आणि त्याची मुद्राक्षरे कोरलेली शिळा लोक आजही हार-फुले वाहून पूजतात. पुढे १९३३ ते १९४७ या काळात या बेटावर राजकीय कैदी ठेवले जात असत. आज जेथे मोसंब्यांच्या रसाचे पेले घेऊन पर्यटक सूर्यास्त पाहतात, तेथे कैद्यांना हिवतापाशिवाय सोबत नव्हती, हे वडिलांना इतिहासाची आवड असल्यास सांगता येईल.

स्कूटर घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. पूर्व किनाऱ्याकडे जाणारे चढ इतके उभे आहेत आणि वळणांवर इतकी वाळू असते की, घाटात गाडी चालवलेली माणसेही तेथे पडतात; हातापायांना पट्ट्या बांधलेले तरुण हे मे हादच्या धक्क्यावरचे नेहमीचे दृश्य आहे. शिवाय दुकानदार पारपत्र ठेवून घेतात आणि परतताना बारीक ओरखड्याचेही भरमसाट पैसे मागतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसेल तर प्रवासविमाही बहुधा हात वर करतो. मागे बाके टाकलेल्या पिकअप टॅक्सी महाग वाटतात, पण चार जणांत तो खर्च सोसवतो.

प्रश्न : आमच्याकडे बेटावर तीनच दिवस आहेत. शेवटच्या दिवशी सकाळी दोन बुड्या घेऊन त्याच रात्री बँकॉकहून मुंबईचे विमान गाठता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : गाठू नये. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असल्यामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा संकेत आहे. मी स्वतः पूर्ण दिवस सोडतो. म्हणून पहिले दोन दिवस सकाळी बुड्या घ्याव्यात, तिसऱ्या दिवशी पहाटे शार्क बेवर नुसते स्नॉर्केलिंग करावे, त्याला ही अट लागू नाही, आणि दुपारच्या बोटीने निघावे. बोट मागच्या बाजूने कमी हलते. पोटात ढवळत असेल तर तेथलीच जागा धरावी.